छकुली म्हणाली, मी...

आधीच सांगून ठेवतो, हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय. ओळखीच्यांच्या ओळखीत कुणाला तरी आलेला हा अनुभव नाही.

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण 'रचून लिहिलंय' म्हणाल, तर ते मात्र ऐकून घेणार नाही. आमच्या घरात रचण्याचं काम एकटी ताई करते. मला साधी शुभेच्छापत्रावरची दोन ओळींची कविता जमत नाही.

हिवाळ्यातला गुरुवार होता. आठ वाजत आले होते. तिसरा मजला, जिन्याला लागून डावीकडचं दार, आत तीन खोल्या. ताई, भावोजी आणि माझी भाची तिथे भाड्याने राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. काही खोके अजून बांधलेलेच होते.

ताई लहान मुलांची पुस्तकं लिहिते. झोपताना वाचायची, चित्रांची, यमकांची. पानभर चित्र, खाली दोन ओळी, आणि शेवटच्या पानावर सगळे गाढ झोपलेले. कितीतरी घरांत तिची पुस्तकं वाचून मुलं झोपतात. अनोळखी आया रस्त्यात थांबवून तिचे आभार मानतात.

आणि तिची स्वतःची मुलगी?

तिला आम्ही 'भिंगरी' म्हणतो, यावरूनच समजा. चार वर्षांची होती तेव्हा. दिवसभर गरगर फिरायची आणि झोपायची वेळ झाली की आणखी जोरात फिरायची. एक पुस्तक वाचून झालं की "पुन्हा." ते झालं की "पुन्हा." मग पाणी. मग पांघरूण नको. मग पांघरूण का काढलं म्हणून रडणं.

भावोजी म्हणायचे, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! तुझी पुस्तकं वाचून मला झोप येते, शेजाऱ्यांना येते. हिलाच तेवढी येत नाही."

भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. कुठली लिफ्ट कधी अडकेल याचा नेम नसतो. त्यामुळे भिंगरीला झोपवायची पाळी बहुतेक वेळा ताईवरच यायची.

त्या दिवसांत ताई आधीच वैतागलेली होती. नवं पुस्तक अडलं होतं. हत्तीच्या पिल्लाला झोपायचंय, पण सोंड कुठे ठेवायची ते कळत नाही, अशी ती गोष्ट.

*उशीखाली ठेवली सोंड,*
*शिंक आली, भिजलं तोंड!*

*पलंगाखाली ठेवली सोंड,*
*मांजर म्हणालं, कुठली ही धोंड?*

असं सगळं छान जमलं होतं. शेवटचं पान तेवढं जमत नव्हतं. आई आपल्या सोंडेत पिल्लाची सोंड गुंफते आणि पिल्लू झोपतं, एवढंच सांगायचं होतं. दोन ओळी! ताईने त्या दोन ओळींसाठी कागदांचा ढीग फाडला होता.

"गुंफली आणि झोपली," ती मला फोनवर म्हणाली. "हे काय यमक आहे? ही तर तडजोड आहे."

"चालेल की गं. मुलांना काय कळतंय?"

"मुलांनाच कळतं," ती फणकारली आणि फोन ठेवून दिला.

संपादकबाई रोज विचारायच्या. चित्रकाराची चित्रं कधीच तयार झाली होती. छापखाना खोळंबला होता. ताईचं डोकं तापलं होतं.

तर तो गुरुवार...

ताईने आपलं एक जुनं पुस्तक किती वेळा वाचलं, तिलाच आठवत नाही. घसा कोरडा पडला. मिटलेलं पुस्तक भिंगरीने पुन्हा तिच्या मांडीवर ठेवलं.

"पुन्हा."

आणि ताईचा संयम सुटला.

"मी हात टेकले! झोप, नाहीतर बस जागी. मला काय करायचंय!"

तिने पुस्तक उचललं, दिवा घालवला, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात आली. रडण्याची वाट पाहत ओट्याला टेकून उभी राहिली.

रडणं आलं नाही.

खेळण्यांचा आवाज नाही. पाय आपटणं नाही. काहीच नाही.

मग... अगदी हळू... आवाज आला.

कुणीतरी वाचत होतं.

शब्द कळत नव्हते, फक्त ठेका ऐकू येत होता. एक ओळ, थांबा, दुसरी ओळ, थांबा. यमकाचं वाचन भिंतीपलीकडूनही ओळखू येतं. ताईला तर नक्कीच.

तिला वाटलं, कार्टी बाहुलीला वाचून दाखवतेय. मनातल्या मनात हसूही आलं.

तेवढ्यात पान उलटल्याचा आवाज आला.

सर्रर्र...

ताईने हाताकडे पाहिलं. पुस्तक तिच्याच हातात होतं. बाकीची सगळी पुस्तकं बाहेरच्या खोलीत, खोक्यात. भिंगरीच्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि खेळण्यांची टोपली होती. कागदाचा कपटा नव्हता.

आतून भिंगरी खुदकन हसली.

मग सगळं शांत झालं.

ताईने दार उघडलं, दिवा लावला. भिंगरी गाढ झोपली होती. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं, चारही बाजूंनी नीट खोचलेलं.

भिंगरीला पांघरूण खोचता येत नव्हतं.

सकाळी दूध पिताना ताईने सहज विचारावं तसं विचारलं, "काल कुणाला वाचून दाखवत होतीस गं?"

"मी नाही. ती बाई वाचत होती."

"कोण बाई?"

"पायाशी बसते ती." भिंगरीने ओठांवरची दुधाची मिशी पुसली. "आई, तिलापण शेवटचं येत नाही. तुझ्यासारखंच."

ताईला धड हसूही आलं नाही. मुलीला काय सांगणार? तिने स्वतःची समजूत घातली. लेखिकेची पोर आहे, कल्पना लढवणारच. आडात असेल ते पोहऱ्यात येणार.

त्या संध्याकाळी भावोजी घरी होते. त्यांनी वाचलं. भिंगरीने त्यांच्या नाकी नऊ आणले. आवाज वगैरे काही आला नाही.

"तू दमलीयेस," ते ताईला म्हणाले. "वरच्या मजल्यावर टीव्ही असेल."

"टीव्हीवर पानं उलटतात का?"

"अगं, पण मी काय म्हणतो..."

"तुला काही म्हणायचं नाहीये. तुला जेवायचंय. घे वाढून."

दुसऱ्या दिवशी भावोजी कामावर होते. भिंगरीने आपणहून सांगितलं, "आई, तू वाचू नकोस. दार लाव."

ताईने दार लावलं आणि कान लावून बाहेर उभी राहिली.

बराच वेळ काही नाही.

मग पलंग कुरकुरला... कुणीतरी जपून बसल्यासारखा.

या वेळी शब्द ऐकू आले. बाईचाच आवाज होता. ना म्हातारा, ना तरुण. दिवसभर बोलून दमलेला, तरी मुलासाठी मऊ केलेला. ताई मला म्हणाली, "अरे, मी वाचते तेव्हा माझा आवाज होतो ना, अगदी तसा. पण माझा नव्हे."

*वात म्हणाली, मी विझते...*
*वाट म्हणाली, मी निजते...*
*रात म्हणाली, मी भिजते...*
*छकुली म्हणाली, मी...*

आणि आवाज थांबला.

ताई श्वास रोखून उभी.

आतही कुणीतरी तसंच श्वास रोखून बसलंय, असं तिला वाटलं.

मग पुन्हा पहिल्यापासून. वात, वाट, रात. आणि पुन्हा तिथेच, 'मी' वर येऊन थांबणं.

ताईला भीती वाटलीच. पण ती खरं सांगते, भीतीच्या आधी तिला राग आला. इतक्या स्वच्छ ओळी! वात, वाट, रात. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मला का नाही असं सुचत? आणि एवढं सगळं जमल्यावर या बाईचं घोडं शेवटच्या शब्दावर अडतं म्हणजे काय?

तिचं डोकं आपोआप शब्द शोधायला लागलं. सवयच ती. 'झोपते' बसत नाही. विझते, निजते, भिजते... झिजते? रुजते? मग तिसरा शब्द सुचला.

तो सुचताच तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने तो झटकून टाकला आणि दार उघडलं.

भिंगरी एकटी. झोपलेली. पलंगाच्या पायथ्याशी चादर चुरगळलेली... कुणी बसून उठावं तशी.

आता तुम्ही म्हणाल, त्याच क्षणी पोर उचलून घर का नाही सोडलं?

ज्याचं जळतं त्याला कळतं. ताई कित्येक महिन्यांत सलग झोपली नव्हती. आता पोर आठच्या आत झोपत होती. दिवा घालवला की ताईला पूर्ण संध्याकाळ मोकळी. कपडे आवर, भांडी लाव, हत्तीच्या सोंडेशी झटापट कर. आवाज काही वाईट बोलत नव्हता. आणि नवरा तर म्हणतच होता की असलं काही नसतं. सोयीची गोष्ट माणूस लवकर पटवून घेतो.

काही दिवस असेच गेले.

मग भिंगरी सकाळी उठेनाशी झाली.

हाका मारा, गुदगुल्या करा, तोंडावर पाणी मारा. बऱ्याच वेळाने डोळे किलकिले व्हायचे. हात गार असायचे. पांघरुणातून काढलेले हात, तरी गार. गरगर फिरणारी पोर खिडकीपाशी नुसती बसून राहायला लागली. बाहेरही बघायची नाही. काय करतेस विचारलं तर म्हणायची, "वाट बघते."

"कशाची?"

"झोपायची."

डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं, जीभ पाहिली. "सगळं उत्तम आहे. मुलं वाढताना जास्त झोपतात. तुम्ही तर नशीबवान."

ताई दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडली. दुःखाने नाही, चिडून. कुणाला सांगायचं? काय सांगायचं? माझी मुलगी झोपते, अशी तक्रार?

तिने भिंगरीच्या शेजारी झोपून पाहिलं. त्या संध्याकाळी आवाज आला नाही, आणि भिंगरीही झोपली नाही. पण तिचं ते नेहमीचं जागरण नव्हतं. ती छताकडे बघत मुसमुसत होती.

"आई, तू जा ना. तू असलीस की ती येत नाही."

"मी वाचते की तुला. कितीही वेळा वाचते."

"तुझं नको."

ज्या वाचनाला ताई एवढी कंटाळली होती, तेच आता पोर मागत नव्हती.

तिने भिंगरीला आमच्या घरी आणायचं ठरवलं, तर भावोजींशी वाजलं. "आपलं घर सोडून रोज मामाकडे झोपायला जायचं? लोक काय म्हणतील, आणि मी काय सांगू?" शेवटी रविवारी सगळेच माझ्याकडे या, मग शांतपणे ठरवू, असं मी म्हणालो.

पण त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ताईला वाचनालयात जायचं होतं. मुलांसाठी वाचनाचा कार्यक्रम फार आधी ठरलेला. भावोजींना सुटी होती. "जा तू बिनधास्त, मी आहे," ते म्हणाले. ताईने त्यांना दहादा बजावलं, "हिला एकटी खोलीत सोडू नकोस." हल्ली तर भिंगरी उजेड असतानाच स्वतःहून खोलीत जायला लागली होती.

वाचनालयाच्या तळघरात सतरंजीवर मुलं बसली होती. मागे आया, बाबा, एक पेंगणारे आजोबा. ताईने हत्तीचं पुस्तक वाचायला घेतलं. छापलेलं नव्हतं, चित्रांच्या सुट्या पानांवर वाचत होती.

या कामाची एक युक्ती असते. दुसऱ्या ओळीच्या शेवटी वाचणाऱ्याने थांबायचं. शेवटचा शब्द आपण म्हणायचा नाही. तो मुलांसाठी सोडायचा. यमकामुळे शब्द त्यांना आधीच कळलेला असतो, तो त्यांच्या जिभेवर येऊन बसतो. आपण गप्प राहिलो की तो त्यांच्या तोंडून निघतोच. थांबवू म्हटलं तरी थांबत नाही.

"उशीखाली ठेवली सोंड," ताई म्हणाली. "शिंक आली, भिजलं..."

आणि थांबली.

"तोंड!" सगळी मुलं ओरडली.

ताईच्या हातातलं पान खाली पडलं.

छकुली म्हणाली, मी...

ती बाई अडलेली नव्हती.

तिला शेवटचा शब्द चांगला येत होता. ती थांबत होती.

भिंगरीने म्हणावा म्हणून.

"ताई, पुढचं पान?" ग्रंथपालांनी विचारलं. मुलं तोंडाकडे बघत होती. पेंगणारे आजोबाही जागे झाले होते. ताई काय बोलली, तिला आठवत नाही. पानं तिथेच टाकून ती जिना चढून रस्त्यावर आली.

भावोजींना फोन लावला. वाजला, वाजला, वाजून बंद झाला.

पुन्हा लावला.

पुन्हा तेच.

बस येईना. रिक्षा थांबेना. एक थांबली, तर तिच्या समोरून दुसराच माणूस आत बसला. ताईने त्याला भर रस्त्यात असं काही ऐकवलं की तो मुकाट्याने उतरला. मग सिग्नल. मग रस्ता खोदलेला. ताई मागच्या सीटवर स्वतःच्या मुठी चावत बसली होती. दिवे लागायला सुरुवात झाली होती.

इमारतीत आली तर लिफ्ट बंद! जगाच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीत लिफ्ट बंद. ताईने बंद दारावर एक लाथ घातली आणि जिना धरला.

दार उघडलं. बाहेरच्या खोलीत भावोजी सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपले होते. फोन पोटावर. आदल्या रात्री काम होतं, डोळा लागला. त्यांचा तरी काय दोष?

आतल्या खोलीचं दार बंद होतं.

आणि आतून...

*रात म्हणाली, मी भिजते...*

आवाज आता हळू नव्हता. तो अगदी आनंदात होता. मूल शब्दाच्या जवळ आलंय हे कळल्यावर वाचणाऱ्याचा आवाज वर चढतो ना, तसा.

*छकुली म्हणाली, मी...*

ताईने दार ढकललं.

खिडकीतून संध्याकाळचा उरलासुरला उजेड येत होता. भिंगरी पलंगावर ताठ बसली होती. नजर पायथ्याकडे. तिथे कुणी नव्हतं. पण गादी दबलेली होती... खोल. भिंगरीच्या ओठांची हालचाल सुरू होती. जीभ दातांमागे जाऊन टेकली होती. शब्द निघणारच होता.

"मी..." भिंगरी म्हणाली.

ताईकडे विचार करायला वेळ नव्हता. भिंगरीचं तोंड दाबायला पलंग फार लांब होता. तिने जे तोंडात आलं ते सगळ्या ताकदीने ओरडून टाकलं.

"मला शू लागली!"



आयुष्यभर यमक जुळवलेल्या बाईने एक यमक असं मोडलं की त्याचे तुकडे खोलीभर झाले.

भिंगरीने मान वळवली. आईकडे पाहिलं. तोंड उघडंच. आणि मग ती हसायला लागली. पोट धरून, गादीवर लोळून, कित्येक दिवसांनी.

"आई! असं नसतं काही! 'छकुली म्हणाली, मला शू लागली!' असं कुठे असतं?"

"असंच असतं," ताई म्हणाली. तिने भिंगरीला उचललं, छातीशी घट्ट धरलं.

तेव्हा पायथ्याशी दबलेली गादी... हळूहळू... वर आली.

आणि ताईच्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी केलं,

"च्च..."

दुसरं काही नाही. किंकाळी नाही, शाप नाही. अगदी मनासारखी ओळ जमत आलेली असताना कुणी मध्येच बोलल्यावर माणूस वैतागून करतो तसं.

ताई म्हणते, तो आवाज सगळ्यांत वाईट होता. कारण तो तिला ओळखीचा वाटला. ती स्वतः दिवसातून कितीदा तरी तसंच करायची.

त्याच संध्याकाळी ते तिघं माझ्या दारात आले. भावोजींच्या गालावर अजून सोफ्याचा वळ होता. दारात उभे राहून ते मला म्हणाले, "काही विचारू नकोस. मी जागा झालो तेव्हा ते 'च्च' मीपण ऐकलंय." तेव्हापासून आजपर्यंत ते या विषयावर एक शब्द बोललेले नाहीत.

भिंगरी दोन वेळा जेवली. माझ्या घरातल्या सगळ्या उश्या जमिनीवर काढल्या. मग तिने ताईच्या मांडीवर पुस्तक आणून ठेवलं आणि ताईने वाचलं.

"पुन्हा," भिंगरी म्हणाली.

ताईने पुन्हा वाचलं. आणि पुन्हा. आवाज बसेपर्यंत. मध्ये एकदा ती चिडून म्हणालीसुद्धा, "बास की गं आता!" आणि लगेच तिला रडू कोसळलं.

सामान आणायला मी आणि भावोजी दिवसाउजेडी गेलो. घरमालकांना मी आडून आडून विचारलं, आधी इथे कोण राहायचं? कुणी बाई? लहान मूल?

"छे! मूल कुठलं?" ते म्हणाले. "आधी दोन कॉलेजची पोरं होती. त्याआधी मी माझ्या दुकानाचे पंखे ठेवायचो. इमारत बांधली तेव्हापासून इथे तुमची भाचीच पहिलं लहान मूल."

म्हणजे कुणी मेलेलं नाही, कुणाची कहाणी नाही. शेजाऱ्यांनाही विचारून पाहिलं. काही हाती लागलं नाही. ती बाई कोण, कुठून आली, तिची छकुली कोण, मला आजही माहीत नाही.

हत्तीचं पुस्तक छापून आलं. त्याच्या शेवटच्या पानावर फक्त चित्र आहे. दोन सोंडा एकमेकींत गुंफलेल्या, बस्स. ताईने ओळी लिहायला साफ नकार दिला. संपादकबाई आधी फार ओरडल्या. आता सगळ्यांना सांगतात की ती कल्पना त्यांचीच होती.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

गेल्या महिन्यात भिंगरी माझ्याकडे राहायला आली होती. आता ती उंच झालीये, शाळेतल्या भांडणांबद्दल तासन्‌तास बोलते. जेवणानंतर मी भांडी घासत होतो, ती पुसत होती. बोलता बोलता ती म्हणाली,

"मामा, तुला ती वात-वाट-रातवाली कविता माहितीये ना?"

आम्ही तिच्यासमोर तो विषय कधीच काढलेला नाही. आम्हाला वाटत होतं, ती विसरली.

"तुला आठवते?"

"हो. आईला सांगू नकोस हं, ती उगाच घाबरेल." तिने पेला पुसून उपडा ठेवला. "मला तो शब्द तेव्हाच कळला होता. पहिल्याच दिवशी. यमकावरून कळतोच ना."

"मग म्हणाली का नाहीस?"

तिने दुसरा पेला पुसायला घेतला.

"ती इतकी आशेने बघायची ना... मला वाटायचं, म्हटला की गोष्ट संपणार. मग ती जाणार." तिने तोही पेला उपडा ठेवला. "का मी जाणार, ते मला नीट कळत नव्हतं."

नळ वाहत होता. मी तो बंद केला.

"सांगू शब्द?" भिंगरीने विचारलं.

"नको," मी म्हणालो. जरा जास्तच जोरात म्हणालो.

तिने खांदे उडवले आणि टीव्ही बघायला गेली. मी ओट्याशी तसाच उभा राहिलो, ओल्या हातांनी. मला यमकातलं काही कळत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. पण विझते, निजते, भिजते एवढं ऐकल्यावर पुढचा शब्द कुणालाही सुचतो. मलाही सुचलाय. या क्षणी तो माझ्या जिभेवर आहे.

ताई असल्या कथा वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय. तुम्हालाही एव्हाना तो सुचला असेल.

घरात लहान मूल असेल, तर मोठ्याने म्हणू नका.